इंदूरजवळ गावात बाग आहे. थंडी सरल्यावर कामाला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की सिमरोलकडे थोडी जागा घेतली आहे, आंबा, लिंबू आणि मोगरा आधीपासून आहेत आणि होळीच्या आत काय उरकावं ते कळत नाही. माझं उत्तर एकच: आधी माती, मग झाडं.

माळव्याची काळी माती ओली असली की कुदळीला चिकटते, वाळली की कुदळ आत शिरत नाही. मधले दोन-तीन दिवस काय ते आपले. पाणी दिल्यानंतर मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा नुसता चपटा झाला तर थांबा. फुटून मोकळा पसरला की वाफसा आला, म्हणजे माती कामाजोगी झाली. त्याच दिवशी खुरपणी करा, कुजलेलं शेणखत मिसळा आणि झाडांची आळी बांधा. आळं बुंध्याशी नको, फांद्यांचा घेर संपतो तिथे हवं, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं तिथेच असतात.

मार्चमध्ये गहू निघतो, शेजारच्या शेतातून काड किंवा भुसा मागून आणा. चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा ही माती भेगाळते, मुळं तुटतात आणि खालची ओल उडून जाते. झाकलेली जमीन टिकते. वर्षभरातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

भाजीपाल्यात भेंडी, दुधी, दोडका, गिलकी, काकडी आत्ता पेरा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. वेलांना पहिली दोन पानं फुटली की तांबडे भुंगेरे येतात आणि एका दिवसात चाळण करतात. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरली की बराच आळा बसतो.

आंबा मोहोरात असेल तर पाणी तोडा, कैरी वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करा. मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम पुरतं, पण फुलं पूर्ण उमलल्यावर काहीच फवारू नका. त्या वेळी झाडाखाली उभं राहून ऐका, सगळा मोहोर माश्यांनी गुणगुणत असतो, आणि फळ धरायला त्याच लागतात.

मोगऱ्याची छाटणी खरी जानेवारी-फेब्रुवारीतली. राहिली असेल तर वाळक्या काड्या आणि शेंडे आजच काढा, खत घाला, भरपूर पाणी द्या. नव्या फुटीवरच कळ्या येतात. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही गार होतात; अशा रात्री अंगणात बसून मोगरा अनुभवायचा तर एवढी खटपट करायलाच हवी!

आणि कामाच्या मधे हरभऱ्याचा हुळा चुकवू नका. बांधावरच काट्याकुट्यांवर घाटे भाजायचे, हात काळे होईपर्यंत सोलून खायचे. गावातली ओळख अशाच बैठकीत होते, विहिरीचं पाणी कुठे कधी आटतं तेही तिथेच कळतं.

नवी कलमं मात्र आत्ता लावू नका, रोपवाटिकेत कितीही टवटवीत दिसली तरी. मेमध्ये खड्डे खणून उन्हात तापू द्या आणि दोन चांगले पाऊस झाले की लावा.