इन्व्हर्टर असूनही वीज जाताच संगणक पुन्हा का सुरू होतो?

इंदूरच्या राजवाड्यामागील आपल्या दुकानात वीज गेल्यावर दिवे चालू राहतात आणि संगणक मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो, याचे कारण बहुधा बॅटरी नसून रिलेच्या (वीज जाताच जोडणी इन्व्हर्टरकडे वळवणाऱ्या विद्युत-खटक्याच्या) पालटास लागणारा वेळ हे आहे. 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, आणि पूर्ण भारावर संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण तेवढाच काळ तग धरतो; पालटास त्याहून जास्त वेळ लागला की संगणक बंद पडतो. प्रथम इन्व्हर्टरचा खटका ‘यूपीएस’ स्थितीत, म्हणजे जलद पालटाच्या स्थितीत, आहे ना, ते पाहावे. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. सर्किट स्वतः बांधले असल्यास रिलेच्या कॉइलला समांतर जोडलेला डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासावा, कारण तो कॉइल चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला वाचवतो खरा, पण कॉइलमधील प्रवाह रेंगाळत ठेवून रिले सुटण्यास विलंब लावतो. त्याच्याशी उलट दिशेने एकसर जोडलेला झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही प्रवाह जाऊ देणारा डायोड) हा विलंब घटवतो. मात्र ट्रान्झिस्टर तेवढे वाढीव व्होल्टेज सोसणारा हवा.