सगळ्यांचाच नंबर पहिला कसा काय?

प्रश्न: पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) विक्रीनुसार प्रॉडक्टचं रँकिंग करतेय. फॉर्म्युला वाचायला सोपा जावा म्हणून टोटल सेल्सचं मेजर (नाव देऊन ठेवलेला हिशोबाचा फॉर्म्युला) आधी व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि मग रँकएक्समध्ये (नंबर लावणारं फंक्शन) ऑल प्रॉडक्ट, म्हणजे सगळ्या प्रॉडक्टची यादी, आणि ते व्हेरिएबल दिलं. एरर नाही, पण सगळ्या प्रॉडक्टना रँक 1! व्हेरिएबल काढून थेट मेजर टाकलं की बरोबर येतं. दोन्ही एकच ना?

उत्तर: नाही हो, आणि एरर येत नाही हाच यातला खरा वैताग. नाव व्हेरिएबल असलं तरी डॅक्समध्ये (पॉवर बीआयची फॉर्म्युल्यांची भाषा) ते एकदा ठरलं की बदलत नाही, व्हार (व्हेरिएबल बनवायचा शब्द) जिथे लिहिलंय तिथल्या फिल्टरप्रमाणे एकदाच हिशोब होतो आणि पुढे उरतो नुसता आकडा.

समजा अ ची विक्री 500, ब ची 300, क ची 200. रिपोर्टमध्ये ब च्या ओळीवर व्हेरिएबल झालं 300. आता रँकएक्स तिन्ही प्रॉडक्टवरून फिरतं आणि प्रत्येकाला विचारतं तुझी विक्री किती, तर अ पण 300 सांगतो, क पण 300, कारण आकडा आधीच गोठलाय, मग 300 ची तुलना 300 शीच आणि 300 पेक्षा मोठं कोणी नाही म्हणून रँक 1. क च्या ओळीवर हेच 200 चं होतं. थेट मेजर दिलं की मात्र ते प्रत्येक प्रॉडक्टसाठी नव्याने मोजलं जातं.

व्हेरिएबलला कॅल्क्युलेटमध्ये (चालू ओळीचा फिल्टर लावून हिशोब नव्याने करणारं फंक्शन) गुंडाळून बघू नका, मी बघितलंय, काही फरक पडत नाही. मेजरऐवजी नुसतं सम (बेरजेचं फंक्शन) लिहिलं तरी सगळे 1 च येतात, तिथे मात्र कॅल्क्युलेट लावलं की काम होतं (मेजरला ते आतून आपोआप लागलेलं असतं).

व्हेरिएबल हवंच असेल तर रँकएक्सच्या तिसऱ्या जागी द्या. तिथे चालू ओळीचाच आकडा लागतो, म्हणजे गोठलेला असला तरी बरोबरच, फक्त दुसऱ्या जागी मेजर राहू द्या. आणि हे झालं की खाली टोटलच्या ओळीवरही 1 दिसेल, तो हॅजवनव्हॅल्यूची (एकच प्रॉडक्ट आहे का ते तपासणारं फंक्शन) अट घालून रिकामा करा.