एक तारखेला जॉइन होतोयस, तर कपड्यांचं आधी बोलू

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या वडिलांचा फोन आला होता. पोरगं बँकेत लागलं, एक तारखेपासून सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या शाखेत जायचंय, हे सांगताना आवाज भरून आला होता त्यांचा. मग म्हणाले, त्याला कपड्याबिपड्याचं काय असतं ते तुम्हीच सांगा, माझं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, मला त्यातलं काय कळतंय. मी फोनवर काही बोललो नाही पण हे मला अजिबात पटलं नाही, का ते सांगतो.

मी एकतीस वर्षं बँकेत, आधी काउंटरवर आणि नंतर केबिनमध्ये काढली. तुझे वडील तासगावहून एसटीनं यायचे, बेदाण्याच्या पट्टीचा चेक असायचा किंवा कर्जाचा हप्ता. माझ्या खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड दिसायचं. त्या झाडाखाली थांबून ते पिशवीतनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी काढायचे, पांढरी, कडक इस्त्रीची, दोन्ही हातांनी कडा सरळ करायचे, डोक्यावर ठेवून एकदा बोटानं चाचपायचे आणि मग आत यायचे. प्रवासात मळू नये म्हणून गुंडाळून आणलेली असायची. यार्डात हळद घेऊन येणारे, जतकडून बेदाणा घेऊन येणारे कितीतरी जुने लोक मी असेच बघितलेत, अंगावरचं नेहरू शर्ट धुऊन धुऊन विरलेलं असेल पण स्वच्छ. बँकेत जायचंय म्हणून माणूस एवढी तयारी करून येतो आणि काउंटरच्या पलीकडं बसलेला पगारी माणूस चुरगळलेल्या शर्टात, कॉलर काळी पडलेली, हे मला कधीच सहन झालं नाही. तू ज्या खुर्चीवर बसणार आहेस तिच्यासमोर असे लोक येतात, एवढं मनात ठेवून कपडे घाल, बाकीचं सगळं शिकता येतं.

आता बाकीचं.

सगळ्यात आधी खांदा. शर्ट असो, कोट असो, खांद्याची शिलाई तुझ्या खांद्याच्या हाडावर यायला पाहिजे, जिथं हाड संपून दंड उतरायला लागतो तिथं. शिलाई खाली दंडावर लोंबत असली तर शर्ट दुसऱ्याचा वाटतो, आणि मानेकडं सरकली असली तर हात वर केला की काखेत ओढतंय. कंबर मोठी असली तर टेलर बाजूनं दाबून देतो, बाही लांब असली तर आखूड करून देतो, पण खांदा चुकला तर रेडिमेड शर्ट परत दुरुस्त होत नाही, म्हणजे होतो पण सगळा उसवून बाही नव्यानं बसवावी लागते, त्या कटकटीत कुणी पडत नाही. म्हणून दुकानात आरशासमोर उभा राहिलास की रंग नंतर बघ, आधी खांदा बघ. मग कॉलरचं वरचं बटण लाव, गळा आणि कॉलर यात दोन बोटं आरामात जायला पाहिजेत. मग खाली बसून बघ, पोटावरच्या बटणांमध्ये फट पडते का. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. बास.

खरं सांगू का, तुझ्या अंगाचा माणूस, उंच आणि सडपातळ, त्याला रेडिमेड सहसा बसत नाही. लांबीला बरोबर घेतलं तर पोटात गोणपाट होतंय, आणि पोटात बरोबर घेतलं तर खाली वाकल्यावर शर्ट पॅन्टीतनं बाहेर. आपण कापडाच्या मुलखात राहतो रे, इकडं विटा, तिकडं इचलकरंजी, गल्लोगल्ली माग चालतात, आणि चांगले टेलर अजून आहेत आपल्याकडं. शिवून घे. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर फुल बाहीच्या शर्टाला १.६० मीटर लागतं, पॅन्टला १.२० ते १.३०, तू उंच आहेस म्हणून १.३० घे. ३६ इंच पन्हा असेल तर शर्टालाच अडीच मीटरच्या आसपास जातं, तेव्हा पन्हा विचारल्याशिवाय भाव करू नको. सुती कापड असेल तर शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव आणि सावलीत वाळव, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि आटलं की सगळ्यात आधी गळा आणि बाही आखूड होतात.

टेलरकडं गेल्यावर तोंड उघडायचं. आपली पोरं तिथं हात पसरून गुमान उभी राहतात आणि नंतर महिनाभर कुरकुरतात. त्याला सांग की मी बँकेत दिवसभर बसून काम करणार आहे, म्हणजे मांडीला आणि सीटला थोडं सैल ठेव, मोरी, म्हणजे पॅन्टचा खालचा घेर, मात्र फार रुंद नको, चौदा-पंधरा इंचाची मोरी तुला शोभेल. आतल्या शिलाईला दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, जास्त सोडायला सांग, नोकरी लागली की दोन वर्षांत कंबर वाढतेच, दाब असला की तीच पॅन्ट सैल करता येते. आणि ट्रायल घेतल्याशिवाय काज-बटण करू देऊ नको. चांगला टेलर ट्रायलला चिडत नाही, उलट खडू घेऊन गुडघ्यावर बसतो आणि तुझ्या पाठीमागनं फिरून बघतो, असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नको, जन्मभर सोडू नको.

किती कपडे लागतात? पाच शर्ट आणि तीन पॅन्टी. पांढरा, फिकट निळा, अजून एक फिकट निळा पण बारीक रेघांचा, आणि दोन तुझ्या आवडीचे पण फिकेच. पॅन्टी गडद निळी, राखाडी आणि काळपट तपकिरी, यातली कुठलीही पॅन्ट कुठल्याही शर्टावर चालते म्हणून सकाळी विचार करावा लागत नाही. चकाकणारं कापड नको. शर्टावर ड्रॅगन, नकाशे, इंग्रजी अक्षरं नकोत. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं होतं, त्यात टी-शर्ट आणि स्लिपर नको, भडक रंग आणि चित्रंबित्रं नकोत असं होतं आणि शुक्रवारी खादी घाला असंही होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी कुरकूर केली पण मला ते बरोबर वाटलं होतं, खादीचं तर फारच. तुझ्या बँकेचा काय नियम आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घे.

मार्च ते मे आपल्याकडं ऊन कसं असतं तुला सांगायला नको. तेव्हा सुतीच घाल, हाफ बाही चालते, पण हाफ बाहीवर टाय घालू नको. पावसाळ्यात टेरिकॉट बरं, लवकर वाळतं. पांढऱ्या शर्टाखाली पांढरी बनियन आरपार दिसते, फिकट राखाडी किंवा अंगाच्या रंगाची घेतलीस तर दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बुटावर पैसे घाल. शर्ट स्वस्तातला चालेल, बूट नको. एक काळा जोड, एक तपकिरी, लेस असलेला, आणि पट्टा बुटाच्या रंगाचा. रोज आलटून पालटून घाल, कारण दिवसभराचा घाम चामड्यात मुरलेला असतो, त्याला वाळायला एक दिवस लागतो. पावसात भिजले तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवायचे नाहीत, चामडं तडकतं, आत रद्दी पेपरचे बोळे कोंब आणि सावलीत ठेव, दोन-तीन तासांनी बोळे बदल. बागेतली काळी माती बुटाला लागली तर ओली असताना पुसत बसू नको, वाळू दे, मग ब्रशनं झाड, मग पॉलिश. आणि मोजे. हे नीट ऐक, कारण आपल्याकडं कुठल्याही घरी गेलं की बूट दाराबाहेर निघतात, म्हणजे वसुलीला गेलास, साहेबांच्या घरी वास्तुशांतीला गेलास, कुणाच्या बारशाला गेलास, तिथं सगळ्यांना तुझे मोजेच दिसणार, आणि अंगठ्याला भोक असलं तर तू रात्रभर पाय आखडून बसणार. दर सहा महिन्यांनी मोजे बदल.

लग्नकार्याचं सांगतो. सांगलीत रुजू झालास की स्टाफच्या, गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या पत्रिका येतच राहतात, आणि जायचं, टाळायचं नाही. सगळीकडं सूट लागत नाही. पांढरा किंवा बदामी कुर्ता, गुडघ्यापर्यंत उतरणारा, खाली साधा पायजमा, हवं तर वर जॅकेट, आणि पायात कोल्हापुरी. कुर्त्याखाली ऑफिसचे बूट घालतात ते मला बघवत नाही. कोल्हापुरी म्हणतात पण ती आपलीही आहे बरं, २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावर कमावलेलं चामडं असतं ते, म्हणून पाण्यात घालू नको, आणि अधूनमधून खोबरेल तेलाचं बोट फिरव, पायाला मऊ पडते. नवी चप्पल थेट लग्नात घालायची नाही, आधी आठवडाभर घरात घालून फिर. फेटा बांधायला कुणी पुढं आला तर मान खाली घालून बांधून घे, नको नको करू नको, तो मान असतो.

हळदीच्या कार्यक्रमाला जुना कुर्ता घाल. आपण हळदीच्या गावात राहतो तरी पोरांना हे माहीत नसतं की हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि पोरं घाबरून अजून घासतात. घासायचं नाही, थंड पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घाल, हळदीचा रंग उन्हानं उडतो, दोन-तीन उन्हं द्यावी लागतील.

कोट एकच शिव, गडद निळा, काळा नको. दोन बटणांचा असेल तर खालचं बटण कधीच लावायचं नाही, बसताना वरचंही उघडायचं. आणि विकत घेतलास तर बाहीवर शिवलेलं कंपनीचं लेबल आणि मागच्या कापावरचा फुलीसारखा टाका कात्रीनं काढून टाक, ते काढायचेच असतात, मी लग्नाच्या स्टेजवर किती नवरदेवांच्या बाहीवर ते लेबल बघितलंय. उसना कोट मात्र घालू नको. मी १९८८ साली पुण्यात एका मुलाखतीला मित्राचा कोट घालून गेलो होतो, बाह्या पार अंगठ्यापर्यंत आलेल्या, पाऊण तास मी एका हातानं दुसरी बाही वर ओढत होतो आणि त्यांनी काय विचारलं ते मला दोनदा विचारावं लागलं. नोकरी गेली ती गेलीच, पण तो पाऊण तास अजून आठवतो. स्वतःच्या धुतलेल्या शर्टात गेलो असतो तर निदान प्रश्न तरी ऐकू आले असते.

आणि अजून एक आहे, ते लिहायला जड जातंय. आमच्या शाखेतल्या शिपायाचे वडील गेले, दुपारी निरोप आला, मी ऑफिसातनं थेट गेलो. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं वाढदिवस होता म्हणून मी मोठ्या चौकड्यांचा लालभडक शर्ट घातला होता. अंगणात सगळे पांढऱ्यात बसलेले, बायका रडत होत्या, आणि मी दारात उभा. कुणी काही बोललं नाही. त्या शिपायानं स्वतः उठून मला बसायला जागा केली. मला आजपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघून ते आठवतं. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसच्या कपाटात एक पांढरा शर्ट घडी करून ठेवला, रिटायर होईपर्यंत तो तिथं होता, किती वेळा उपयोगी पडला मोजले नाही. मयत, सावडणं, दहावं, बोलावणं न देता येतात, तूही एक ठेव. अत्तर, गॉगल, मोठं घड्याळ तिथं नको.

बारीकसारीक बाकी आहे ते भेटीत बोलू, मागच्या खिशात फुगलेलं पाकीट ठेवू नको, शर्टाच्या खिशात मोबाईल ठेवलास की एक बाजू लोंबते, कॉलर मशीनमध्ये टाकायच्या आधी साबण लावून ब्रशनं घासायची, इस्त्री करताना कॉलरच्या टोकाकडून मध्याकडं यायचं नाहीतर टोकाला चुणी पडते. वास येऊ द्यायचा नाही हे सांगायला नको.

या रविवारी सकाळी दहाला माझ्याकडं ये, गणपती मंदिराचं दर्शन घेऊन मग माझ्या टेलरकडं जाऊ, तो रविवारी दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवतो. शनिवारी तासगावातच कापड घेतलंस तर भिजवून वाळवून आण, नाहीतर इथं घेऊ आणि माप तेवढं देऊन ठेवू. आणि येताना जे बूट ऑफिसला घालणार आहेस तेच घालून ये, चपलेवर येऊ नको, पॅन्टची उंची बुटावरच घ्यावी लागते.

तुझा,
काका
सांगली