व्हिडिओ गेममधल्या लपलेल्या खुणा मुद्दाम ठेवलेल्या असतात, की आपणच त्यांना अर्थ चिकटवतो? आणि खरी खूण ओळखायची कशी?

काही मुद्दाम ठेवलेल्या असतात, काही अडचणीतून निघतात आणि काही निव्वळ बिघाड असतात. घाई असेल त्यांनी एवढ्यावर थांबावं. मला मात्र 'मुद्दाम' हा निकषच मान्य नाही, आणि त्यावरून आमच्या घरात फार जुनं भांडण आहे, म्हणून लांबण लावतोय.

तुम्ही जीटीए फाइव्ह या गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावरच्या चित्राचं उदाहरण दिलंय. माथ्यावरच्या केबल कारच्या स्टेशनात भिंतीवर उडती तबकडी, अंडं, पाठीला जेटपॅक बांधलेला माणूस. 2013 पासून लोक त्यावर डोकं फोडतायत. माझा भाचाही त्यातलाच, वहीत नकाशे काढून बसायचा. गेम शंभर टक्के पूर्ण केल्यावर रात्री तीनला, पावसात, तिथं तबकडी दिसते. बरं, मग? दिसते आणि संपलं. बनवणाऱ्यांनी ते चित्र हाताने, ठरवून काढलंय यात शंका नाही, तरी माझ्या लेखी त्याची किंमत शून्य. उलट त्याच मालिकेतल्या, 2004 च्या सॅन अँड्रियासमधल्या त्या भुताच्या गाड्या बघा. जंगलात ड्रायव्हर नसलेली मोडकी गाडी आपोआप उतारावरून घरंगळत यायची. आमच्याकडच्या सायबर कॅफेत पोरं त्यावर रात्र रात्र बोलायची. कारण एवढंच, की गेम ती गाडी उतारावर उभी करायचा आणि ब्रेक लावलेला नसायचा. ठरवून काढलेलं पोकळ निघालं आणि चुकून झालेल्यानं पोरांना घाबरवलं. म्हणून म्हणतो, मुद्दाम आहे का हे विचारून हाती काही लागत नाही.

आता माझं खरं दुखणं. ते 'प्रिन्स'चं आहे. जुना, डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला, प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम.

नव्वदच्या दशकात सोलापुरात नव्या पेठेजवळ एका कॉम्प्युटर क्लासला मी जायचो. वर्डस्टार, लोटस, डीबेस. एका मशीनवर दोघं. दिलेलं काम संपलं की उरलेल्या वेळात सर प्रिन्स खेळू द्यायचे. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पुढच्या बॅचला होता आणि त्याचा शब्द म्हणजे क्लासात शेवटचा.

पहिली लेव्हल संपली की एक खोली लागायची. सगळीकडे बाटल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. खाली इंग्रजीत ओळ यायची, की मॅन्युअलच्या, म्हणजे गेमसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेच्या, अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल ती प्या. चुकीची प्यायली की जीव कमी व्हायचा. आमची फ्लॉपी कुणाकडून तरी उतरवून आणलेली, मॅन्युअलचं तोंड कोण बघतंय? दादाने छातीठोकपणे सांगितलं, हा जाफरचा, म्हणजे गेममधल्या खलनायकाचा, डाव आहे. राजकन्येकडे निघालेल्या प्रत्येकाला इथं विष पाजतात आणि अक्षरं म्हणजे आधी मेलेल्यांच्या नावाची. एवढं रंगवून सांगितलं की पोरं ती खोली आली की गप्प व्हायची. प्रत्यक्षात ती चोरून कॉपी केलेली फ्लॉपी पकडायची युक्ती होती. तिचा कथेशी काडीचा संबंध नव्हता.

हे अशासाठी सांगतोय, की हाच दादा पुढे मला सांगणार होता, गेममध्ये अर्थबिर्थ काही नसतो.

चौथ्या लेव्हलला बाहेर पडायचं दार उघडलं की येताना मोकळा असलेला रस्ता आरशाने अडवलेला असतो. पळत येऊन त्या आरशातून उडी मारावी लागते. मारली की पलीकडच्या बाजूने तुमच्यासारखाच एक जण, नुसती चमचमणारी सावली, उलट दिशेने पळून जातो आणि तुमच्याकडे जिवाचा एकच तुकडा उरतो. पाचव्या लेव्हलला तुम्ही पोचायच्या आत तो तुमचं औषध पिऊन टाकतो. सहावीत बटणावर पाय देऊन दार लावून घेतो आणि तुम्ही खाली कोसळता. हा कोण, कशासाठी छळतोय, याबद्दल गेम एक अक्षर बोलत नाही. मग बाराव्या लेव्हलला तो तलवार काढून समोर उभा राहतो.

मी त्याला वार केला की माझाच जीव कमी व्हायचा. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. माझ्या शेजारी पूर्व भागातला एक दोस्त बसायचा, घरी तेलुगू बोलणारा, क्लासात फारसं तोंड न उघडणारा. तो बघत होता. म्हणाला, "कशाला मारायलास बे त्याला? रक्त तुझंच जायलंय की." मी म्हटलं, मग काय करू, ओवाळू? तो म्हणाला, "तलवार ठेव की खाली." खालचा बाण दाबला. प्रिन्सने तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली. दोघं एकमेकांकडे चालत गेले, स्क्रीन लखलखली आणि एकच जण उरला. तेवढ्यात लाइट गेली. सोलापुरात राहिलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा तिथवर गेलो तेव्हा पुढचं कळलं. एक झाल्यावर, जिथं आधी नुसती पोकळी होती तिकडे पळत सुटलं की पायाखाली एकेक फरशी उमटत जाते. कुणी सांगत नाही, खूण नाही, पाटी नाही. पाऊल टाकलं तरच. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला हे कुठल्याही संस्कारवर्गात कळलं नसतं, ते मला चार बटणांच्या खेळात कळलं. त्या दोस्ताने नंतर शिक्षण सोडून माग धरला, पण ती लेव्हल त्याने सोडवली होती, मी नव्हे.

आता भांडण. बऱ्याच वर्षांनी, दिवाळीत, जुळे सोलापुरात मावशीच्या गच्चीवर सगळे जमलेलो. दादा पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. भाच्यांना मी सावलीची गोष्ट सांगत होतो. दादा सगळ्यांसमोर हसला, "अरे, तो मेमरीचा जुगाड होता. याला अजून त्यात वेदान्त दिसतो." पोरं हसली. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण ताटात शेंगाचटणी-भाकरी होती आणि मावशी बघत होती.

दादाची माहिती बरोबर आहे, हे आधीच मान्य. गेम बनवणारा जॉर्डन मेकनर. 1985 मध्ये त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम बघून राजपुत्राची हालचाल काढली. म्हणून तो इतका माणसासारखा पळतो. पण गेम आधी ज्या अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी बनत होता, त्याची मेमरी त्या हालचालींनीच भरून गेली. एक सहकारी बाई मागे लागलेली, की लढाई पाहिजे, नुसतं पळण्यात मजा नाही. शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रं घेतली, एक बिट सरकवून स्वतःवरच एक्सऑर केली, म्हणजे मूळ आणि सरकवलेलं चित्र जिथं वेगळं तेवढंच ठेवलं, आणि ती चमचमणारी आकृती मिळाली. चित्र आधी आलं, कथा त्यामागून. 1989 मध्ये गेम आला. मेकनरच्या वडिलांना कपाटात जुन्या फ्लॉप्या सापडल्यावर 2012 मध्ये त्याने सोर्स कोडसुद्धा, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला केला. दादाने तो वाचलाय. मी नाही वाचला, तो ज्या भाषेत आहे ती असेंब्ली मला येत नाही.

पण माझं पोट जकार्डच्या, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीच्या, डिझाइनवर चालतं. वडील त्या नक्षीची कार्डं पंच करायचे, मी तेच काम कॉम्प्युटरवर करतो. आपली जकार्डची चादर उलटी करून बघा. तोच मोर, फक्त रंगांची अदलाबदल. उलट्या बाजूचा मोर कुणी वेगळा काढत नाही, दोन थरांचे धागे खालीवर होताना तो आपसूक विणला जातो. म्हणून तो मोर नाही असं म्हणणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. मेकनरकडे जागा नव्हती, म्हणून नायकाचा शत्रू नायकच झाला. पण त्यानंतर त्याला मारलं तर स्वतःचा जीव जावा, तलवार ठेवली तरच वाट फुटावी, हे नियम मेमरीने लिहिले का? ते माणसाने लिहिले. जुगाड सावलीपर्यंतच होता.

तर तुमचा दुसरा प्रश्न, ओळखायचं कसं. माझी कसोटी एवढीच: ती खूण तुमच्या बोटांकडून काही करून घेते का, आणि केल्यावर गेम तुमच्याशी वेगळं वागतो का? चिलियाडचं चित्र काही करून घेत नाही. सावली घेते. 2005 चा शॅडो ऑफ द कोलोसस हा गेम घ्या. मेलेल्या मुलीला परत आणायला नायक सोळा महाकाय जीव मारतो आणि प्रत्येकागणिक स्वतः पांढुरका, मळकट होत जातो, शेवटी डोक्यावर शिंगांचे कोंब दिसतात. कुणी टोकत नाही. मारणारे तुम्हीच, त्यामुळे बघवत नाही. त्यातल्या देवाचं नाव डॉर्मिन, इंग्रजीत उलटं वाचलं की निमरोड, म्हणजे बायबलमधला राजा, असले शोध मला कोड्यातले वाटतात, खुशाल सोडवा. त्या गेममध्ये अजून एक गुपित उरलंय म्हणून लोक वर्षानुवर्षं कोपरे धुंडाळत राहिले. ते नव्हतंच, पण 2018 ला गेम नव्याने बनवणाऱ्यांनी त्या शोधणाऱ्यांच्या मानाखातर 79 नाणी लपवली आणि एक बंद दार उघडणारं केलं. म्हणजे लोकांनी चिकटवलेला अर्थ शेवटी गेमात शिरलाच. दादा, याला काय म्हणशील?

आपल्याकडचं म्हणाल तर राजी हा गेम, 2020, पुण्याच्या कंपनीचा. अभिमानाने विकत घेतला. दिसायला देखणा, कठपुतळ्यांच्या सावल्यांतून सांगितलेली कथा छान. पण भिंतीवरच्या चित्राजवळ गेलं की देव लगेच पुराण ऐकवायला लागतात. महिषासुर कोण हे आम्हाला सांगावं लागतं होय? तुळजापूर पाऊण-एक तासावर आहे. गप्प बसले असते तर आणखी बघत उभा राहिलो असतो.

माझ्या कसोटीत खोट आहे, हे इथंच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणी तरी सांगेलच. सायलेंट हिल 2 या गेममध्ये नायकाकडे मेलेल्या बायकोचं पत्र असतं. गेम पुढे सरकतो तशी त्यावरची अक्षरं नाहीशी होतात. सामान उघडून पाहिलं तरच कळतं, नाही पाहिलं तरी काही अडत नाही. म्हणजे कसोटीत नापास, तरी मला ते आवडतं. डार्क सोल्सही निम्मा असाच, सगळी कथा तलवारी-अंगठ्यांच्या वर्णनांत पेरलेली. तो बनवणारा मियाझाकी लहानपणी न कळणारी इंग्रजी पुस्तकं चित्रं बघून मनाने पूर्ण करत वाचायचा म्हणे, तसाच गेम त्याने केला. तो भाच्याच्या मशीनवर थोडाच खेळलोय, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तुम्हाला सल्ला हवाच असेल तर यूट्यूबवरचे 'लपलेला अर्थ' सांगणारे व्हिडिओ गेम संपल्यावर बघा, आधी नको. आणि कुणी म्हणालं की हे सगळं तांत्रिक कारणाने झालंय, तर त्याला तो भाग स्वतः खेळलास का, एवढं विचारा. आमच्या दादाला मी गच्चीवर विचारलं नाही, आता इथं विचारतो. क्लासात तो 'प्रिन्स मेगाहिट' हा चोरवाटेचा शब्द टाइप करून गेम सुरू करायचा, शिफ्ट-एल दाबत लेव्हली ओलांडायचा आणि थेट जाफरसमोर उभा राहायचा. म्हणजे कोड वाचण्याआधी किंवा नंतर, बारावी लेव्हल त्याने कधी खेळलेलीच नाही.