जळगावचा बी.कॉम., खुला प्रवर्ग, एमबीए सीईटीत ९१ पर्सेंटाइल. मुंबई-पुण्यात चांगलं कॉलेज मिळेल का?

मुंबईची जमनालाल बजाज, सिडनहॅम धरू नका, तिथे खुल्या प्रवर्गाचा कटऑफ ९९ च्या वर राहतो. पुण्या-नाशिकच्या मधल्या फळीतल्या कॉलेजांत मात्र आशा आहे. जळगाव-धुळ्याच्या मुलांचे कॅपचे (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे अर्ज, मी भरून देतो. बहुतेक जण कटऑफचा पहिला दिसेल तो आकडा धरून बसतात. सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये तुमचा प्रवर्ग शोधा. तुमचं विद्यापीठ जळगावचं, त्यामुळे पुण्याच्या कॉलेजात होम युनिव्हर्सिटीचा (त्याच विद्यापीठाच्या मुलांचा) रकाना तुमचा नाही, त्याच्या शेजारचा, बाहेरच्या विद्यापीठांचा बघा. आणि पहिल्याच नव्हे, शेवटच्या फेरीचाही. (कोणतं कॉलेज मिळेल ते सांगणारे क्लासवाल्यांचे प्रेडिक्टर करमणुकीपुरते.) अर्ज वाढले की कटऑफ सरकतो, म्हणून दोन-चार पर्सेंटाइल खालची कॉलेजंही यादीत ठेवा.