म्युनिकला जुलैत चार रात्री राहायचं आहे. स्टेशनजवळचं साधं हॉटेल घ्यावं का?

घ्या, बिनधास्त. मुख्य स्टेशनच्या, म्हणजे हाउप्टबानहोफच्या, दक्षिणेला शिलरश्ट्रासे, गोएथेश्ट्रासे या रस्त्यांवर लहान हॉटेलं भरपूर आहेत. भाग गजबजलेला, रात्री जरा कळकट वाटतो. पण तुर्की-अरबी किराणा आणि खाणावळी हाताशी असल्यानं शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. विमानतळावरून एस१ किंवा एस८ लोकलनं साधारण पाऊण तासात पोचता.

जुलैत खरा प्रश्न उकाड्याचा. साध्या हॉटेलात बहुधा एसी नसतो, पंखाही नाही! म्हणून रस्त्याकडची नव्हे, आतल्या अंगणाकडची खोली मागा. खिडकी उघडी टाकून झोपता येतं. नावापुढे ‘गार्नी’ असेल तर नाश्त्यापलीकडे जेवण मिळत नाही, आणि नाश्ता दरात धरलाय का तेही बघा. रात्री उशिरा पोचणार असाल तर रिसेप्शन किती वाजता बंद होतं ते आधीच मेल करून विचारा.

रविवारी सुपरमार्केट बंद, स्टेशनातली दुकानं मात्र चालू.

तारखा पुढे ढकलणार असाल तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नको. ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या मोठ्या जत्रेचं मैदान इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तेव्हा याच खोल्यांचे दर भलतेच चढतात.