एक बिटातून चोवीस बिट निघतात कसे?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही वजनकाट्याच्या प्रोजेक्टला एचएक्स७११ मोड्यूल लावलंय. २४ बिटचा सिग्मा-डेल्टा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) आहे, पण सिग्मा-डेल्टात म्हणे आत फक्त हो-नाही सांगणारा कंपॅरेटर असतो, मग २४ बिट येतात कुठून? आणि नॉइज शेपिंगने नॉइज कमी होत असेल तर आमचे शेवटचे आकडे सारखे नाचतात का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी एक गैरसमज काढून टाकू. नॉइज शेपिंगने नॉइज कमी होत नाही, उलट एकूण बेरीज केली तर वाढतोच. क्वांटायझेशन नॉइज म्हणजे सिग्नल ढोबळ पायऱ्यांत बसवताना होणारी चूक. पहिल्या ऑर्डरला, म्हणजे आत एकच इंटिग्रेटर (बेरीज साठवणारा भाग) असला की, तिची पॉवर दुप्पट होते, दुसऱ्या ऑर्डरला सहापट! फक्त तो बहुतेक सगळा वरच्या फ्रिक्वेन्सीत ढकलला जातो, जिथे आपलं काही कामच नसतं, आणि मग डिजिटल फिल्टर त्याला छाटतो.

ढकलला जातो कसा ते बघा. समजा दुधाचे रोज ३० रुपये होतात आणि तुमच्याकडे फक्त शंभराच्या नोटा आहेत. दूधवाला वहीत मांडत जातो, ३०, ६०, ९०, चौथ्या दिवशी १२० झाले की एक नोट घेतो आणि २० बाकी पुढे ओढतो. दहा दिवसांत बरोबर तीन नोटा जातात, म्हणजे रोजचा व्यवहार ‘शून्य किंवा शंभर’ असा ढोबळ असूनही सरासरी चोख ३०. ती वही म्हणजे इंटिग्रेटर, नोट म्हणजे कंपॅरेटरचा १, आणि नोट दिल्यावर वहीतून शंभर वजा होतात तो फीडबॅक. सगळ्यात साधा सिग्मा-डेल्टा एवढाच. त्या ०-१ च्या रांगेची सरासरी डिजिटल फिल्टर काढतो, जास्तीचे बिट येतात ते तिथून.

गणितात मांडायचं तर आउटपुट म्हणजे इनपुट, अधिक आत्ताची चूक, वजा मागची चूक. चूक हळू बदलत असेल तर आत्ताची आणि मागची जवळपास सारखीच, म्हणून कटतात. भराभर उलटसुलट होत असेल तर एकमेकींत मिळून मोठ्या होतात. झालं शेपिंग! नुसत्या ओव्हरसॅम्पलिंगमध्ये, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वेगाने रीडिंग घेण्यात, स्पीड दुप्पट केला की ३ डीबी (डेसिबल), म्हणजे अर्धा बिट मिळतो, पहिल्या ऑर्डरच्या शेपिंगने ९ डीबी आणि दुसऱ्याने १५. ६४ पट ओव्हरसॅम्पलिंग करून एक बिटचा दुसऱ्या ऑर्डरचा मॉड्युलेटर (म्हणजे वही-नोट-फीडबॅकचा हाच लूप) कागदावर साधारण ८५ डीबीपर्यंत जातो, म्हणजे १४ बिटच्या आसपास. मग दहावी ऑर्डर का नाही लावत? कारण एक बिटच्या लूपमध्ये तिसऱ्या ऑर्डरपासून स्टेबिलिटीची डोकेदुखी सुरू होते, इनपुट जरा मोठं झालं की लूप भरकटतो.

कल्पना जुनी आहे बरं का, बेल लॅब्जच्या कटलरने १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९६२ मध्ये जपानात इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी डेल्टा-सिग्माचं रूप मांडलं. चिपवर डिजिटल फिल्टर स्वस्तात बसायला लागल्यावर मात्र ती घरोघरी पोचली.

आता तुमचे नाचणारे आकडे. शेपिंग फक्त क्वांटायझेशनच्या चुकीवर चालतं, कारण ती लूपच्या आत जन्मते. लोडसेलचा (वजन मोजणाऱ्या सेन्सरचा) आणि आतल्या अॅम्प्लिफायरचा थर्मल नॉइज (उष्णतेमुळे होणारा) सिग्नलबरोबर दारातूनच येतो, लूपला तो सिग्नलच वाटतो. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) १२८ ला ५ व्होल्टवर रेंज आहे उणे २० ते अधिक २० मिलीव्होल्ट, म्हणजे २४ बिटची एक पायरी साधारण २.४ नॅनोव्होल्टची, आणि डेटाशीटमध्ये इनपुट नॉइज दिलाय ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी). म्हणजे वीसेक पायऱ्यांचा नाच ठरलेलाच! शेवटचे चार बिट सरळ विसरा, मोठे झटके धरले तर सहा-सात. आणि मोड्यूल सेकंदाला ८० रीडिंगवर असेल तर १० वर आणा, ८० ला नॉइज ९० नॅनोव्होल्ट होतो, शिवाय १० वर ५० हर्ट्झचा मेन्सचा (घरच्या विजेचा) गुणगुणाटही बराच दबतो.

प्रश्न : मी अर्डुइनो युनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या १० बिट एडीसीवर २५६ रीडिंगची सरासरी काढतो. हे पण नॉइज शेपिंगच ना?
— एक हौशी वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो, यात मागची चूक पुढे ओढणारी वही कुठाय? हे नुसतं ओव्हरसॅम्पलिंग, २५६ ला जास्तीत जास्त चार बिट वाढतील. तेही सिग्नलवर निदान एका पायरीएवढा नॉइज असेल तरच. व्होल्टेज अगदी शांत असेल तर २५६ वेळा तोच आकडा येणार आणि सरासरीही तीच, अशा वेळी मुद्दाम थोडा नॉइज मिसळतात, त्याला डिदर म्हणतात. डिदर सिग्मा-डेल्टातही लागतो, कारण इनपुट स्थिर असलं की ०-१ चा तोच पॅटर्न पुन्हापुन्हा येतो आणि ऑडिओत त्याची बारीक शिट्टी ऐकू येते. युनोवर खरं शेपिंग करून बघायचंच असेल तर बाहेर एक ऑपअॅम्प इंटिग्रेटर लावा, आतला अॅनालॉग कंपॅरेटर वापरा आणि एका पिनने फीडबॅक द्या, स्पीड फार मिळणार नाही पण तापमानासारख्या संथ सिग्नलला मस्त चालतं.